वेज झिजली की अजून चालेल? कसं ओळखायचं

गोल्फमधली वेज, म्हणजे जवळचे आणि उंच शॉट मारायची तिरप्या तोंडाची स्टिक, किती वर्षांनी बदलायची असं बरेच जण विचारतात, पण वर्षांचा इथे फारसा संबंधच नाहीये. अधूनमधून खेळणाऱ्याची वेज कित्येक वर्षं टिकते आणि रोज बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, प्रॅक्टिस करणाऱ्याची सीझनभरातच बसते, कारण वाळूइतकं फेसला (स्टिकच्या बॉलला लागणाऱ्या भागाला) दुसरं काहीच घासत नाही. व्होकी वेज बनवणारी टायटलिस्ट कंपनी ७५ राउंडचा (एक राउंड म्हणजे १८ होल) आकडा देते. विकणारे तेच, त्यामुळे थोडं सावधपणेच ऐका, पण आकडा अगदीच हवेतला नाही.

आता झिजतं काय? ग्रूव्हच्या, म्हणजे फेसवरच्या आडव्या खाचांच्या, कडा आणि दोन ग्रूव्हच्या मधला खरखरीत भाग. ग्रूव्हचं काम पन्हळीसारखं, बॉल आणि फेसच्या मधे सापडलेलं पाणी नि गवताचा रस बाजूला काढायचा, म्हणजे फेस बॉलला नीट पकडतो आणि स्पिन मिळतो. नियमाप्रमाणे ग्रूव्ह जेमतेम अर्धा मिलिमीटर खोल असतात, त्यातही २०१० पासून नव्या वेजच्या कडा आधीच थोड्या गोल ठेवाव्या लागतात, म्हणजे मुळातच झिजायला फार काही शिल्लक नसतं.

मग लक्षण काय? कोरड्या, स्वच्छ फेअरवेवरून (मधल्या बारीक कापलेल्या गवतावरून) फुल शॉट, म्हणजे पूर्ण स्विंगचा, मारला तर जुनी वेजसुद्धा बऱ्यापैकी वागते आणि इथेच लोक फसतात. खरी पोल ओल्या गवतात आणि हलक्या रफमध्ये (बाजूच्या वाढलेल्या गवतात) उघडी पडते. बॉल फेसवर घसरतो, नेहमीपेक्षा उंच निघतो, स्पिन नसतो आणि ग्रीनवर (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) पडून थांबायच्या ऐवजी पुढे पळत सुटतो. छोटे पिच शॉट (ग्रीनवर उंच टाकलेले) नीट लागूनसुद्धा सारखे होलच्या पुढे जात असतील तर वेजवर संशय घ्या.

पण आधी ब्रश नि कोमट पाणी घेऊन ग्रूव्ह साफ करा प्लीज, अर्ध्या "झिजलेल्या" वेजेस नुसत्या मातीने भरलेल्या असतात. मग नख आडवं फिरवा. कडेला अडकलं तर ठीक, सरळ घसरत गेलं तर झिजली समजा. जिथे बॉल लागतो तिथला गुळगुळीत चकचकीत पट्टा आणि टो कडचा (दांड्यापासून लांबच्या टोकाचा) न वापरलेला भाग शेजारी शेजारी बघा, फरक लगेच दिसतो. गंज मात्र मोजू नका, रॉ फिनिशची (वर मुलामा नसलेली) वेज गंजतेच, त्याचा झिजण्याशी संबंध नाही.

तरी खात्री नसेल तर कोणाची तरी नवी वेज मागून घ्या, लॉफ्ट (फेसचा तिरपेपणा) तोच हवा. ४०-५० यार्डांवरून, गवत थोडं ओलं करून, दोन्हींनी आलटून पालटून मारा आणि पडल्यावर बॉल किती पळतो ते बघा. बॉल तुम्ही राउंडला वापरता तोच घ्या, रेंजच्या (प्रॅक्टिसच्या मैदानावरच्या) बॉलवर ही टेस्ट फुकट आहे, त्यांना स्पिन येतच नाही धड. फरक दिसला नाही तर पैसे खिशात ठेवा.

ग्रूव्ह शार्पनर नावाचं एक टोकदार हत्यार मिळतं, त्याने कडा परत काढता येतात म्हणे, पण ग्रूव्ह रुंद झाले किंवा कडा जास्त धारदार झाल्या तर वेज नियमाबाहेर जाते आणि स्पर्धेत ती चालत नाही. मी तरी त्या भानगडीत पडणार नाही.

सगळा सेट एकदम बदलायची गरज नसते. ५६ आणि ६० डिग्रीवाल्या आधी जातात कारण बंकर आणि ग्रीनच्या आजूबाजूचं सगळं काम त्यांच्यावर, पिचिंग वेज बहुतेक फुल शॉटलाच निघते म्हणून ती जास्त टिकते. नवी घेताना जुनीचा बाउन्स (तळाचा कोन) आणि ग्राइंड (तळाची घडण) बघून घ्या, नुसत्या लॉफ्टवर जाऊ नका, सोल, म्हणजे तळ, वेगळा आला तर हात परत बसवावा लागतो. आणि जुनी टाकू नका, बंकर प्रॅक्टिसला तीच काढा. तिथे वाळूच बॉल उचलते, आणि नव्या वेजचे ग्रूव्ह तेवढे वाचतात.