अमेरिकेत मुलांचा डेटा अ‍ॅपवाल्यांकडून कसा डिलीट करून घ्यायचा

अमेरिकेत ऑनलाइन प्रायव्हसीचा एकच मोठा फेडरल कायदा नाहीये, सगळे तुकडे आहेत. दवाखान्याच्या रेकॉर्डला हिपा, शाळेच्या रेकॉर्डला फर्पा, आणि १३ वर्षांखालच्या मुलांच्या ऑनलाइन माहितीला कोपा, १९९८ चा. मराठी ग्रुपवर कुणी विचारलं की कोणीतरी हमखास सांगतं "हिपा लावा", अहो गेमच्या अ‍ॅपचा आणि हिपाचा काय संबंध! इथे कोपाच धरायचा.

आधी अ‍ॅप उडवू नका. अ‍ॅप गेलं तरी डेटा कंपनीकडे राहतोच. युजरनेम आणि अकाउंटचा ईमेल यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, मग प्रायव्हसी पॉलिसीतला कंपनीचा ईमेल शोधा, मेल तिथेच पाठवायचा आहे.

आता खरी गोची. पोरांनी अकाउंट उघडताना जन्मसाल २००० वगैरे टाकलेलं असतं, आणि अ‍ॅप खास मुलांसाठीचं नसेल तर कंपनी हात वर करते, आम्हाला काय माहीत लहान मूल आहे ते. मीही इथे बरीच अडकले होते. कायदा अशा अ‍ॅपला कधी लागतो, तर मूल १३ खालचं आहे हे कंपनीला प्रत्यक्ष माहीत असेल तेव्हा. म्हणून ते तुम्हीच लेखी कळवायचं, पहिल्याच ओळीत: मी या मुलाची आई, मूल ९ वर्षांचं आहे, अकाउंटवरचं वय खोटं आहे, मी संमती दिलेली नाही. त्याखाली तीन मागण्या, काय काय गोळा केलंत ते दाखवा, सगळं डिलीट करा, पुढे घेऊ नका. नुसतं "प्लीज अकाउंट बंद करा" लिहू नका, अकाउंट बंद होतं आणि डेटा तिथेच पडून राहतो. आणि फोनवर तर अजिबात नको, पुरावा काय राहणार?

तुम्ही खरंच पालक आहात का हे ते तपासतील, तपासायलाच हवं, नाहीतर कोणीही उठून आपल्या लेकराची माहिती मागेल. पण त्या नावाखाली दमवायला लागले तर स्पष्ट लिहा की पालकांवर अवाजवी बोजा टाकायला नियमात मनाई आहे. मुलाचा पासपोर्ट वगैरे मुळीच पाठवू नका.

शाळेने दिलेलं अ‍ॅप असेल तर आधी शाळेला विचारा, बऱ्याचदा संमती त्यांनीच दिलेली असते.

उत्तर आलं नाही तर एफटीसीकडे, म्हणजे फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी संस्थेकडे, ऑनलाइन तक्रार. ते तुमची एकटीची केस सोडवत नाहीत, आणि कोपाखाली आपल्याला स्वतः कोर्टात जाता येत नाही, तरी तक्रार कराच, २०२२ मध्ये फोर्टनाइटवाल्या एपिक गेम्सला कोपासाठी २७.५ कोटी डॉलर भरायला लावले ते एफटीसीनेच. कंपनीला लिहिलेल्या त्याच मेलची कॉपी राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडेही (राज्य सरकारचा मुख्य वकील) पाठवा, कोपाखाली त्यांनाही केस करता येते.