माळावर सीताफळाची बाग करणाऱ्यांसाठी

गावी परत येऊन फळबाग करू म्हणणारी पोरं आधी पाण्याचं विचारतात, आणि मराठवाड्यात तेच विचारायला हवं. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याकडच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. बालाघाटाच्या डोंगरातलं, कुणी न लावलेलं सीताफळ मात्र असल्या उन्हाळ्यातही पानं गाळून गप पडून राहतं आणि पाऊस आला की फुटतं. शेळ्या त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत, त्यामुळं कुंपणाचाही फार ताण नाही.

पण डोंगरात झाड जगणं वेगळं आणि बाजारात चालेल असं फळ धरणं वेगळं. त्यासाठी वर्षातले काही आठवडे तुम्ही बागेतच असायला हवं. पुण्यात नोकरी करून गड्याच्या भरवशावर हे जमत नाही, हे माझं स्पष्ट मत.

जमीन हलकी, मुरमाड, उताराची चालते. भारी काळ्या रानात पाणी साचलं की मुळं कुजतात. तिथं लावूच नका. पाच बाय पाच मीटरवर एकरी साधारण १६० झाडं बसतात. बाळानगर आणि धारूर-६ या आपल्याकडं रुळलेल्या जाती. अंबाजोगाईला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे. रोपांचे पैसे देण्याआधी तिथली फळं धरलेली झाडं बघून या. कलम लावलंत तर जोडाखालून येणारे खुंटाचे, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलंय त्याचे, फुटवे वेळच्या वेळी काढा, नाहीतर खुंटच वाढतो आणि कलम मागं पडतं.

पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं. ठिबक असेल तर उत्तम, नसेल तर आळ्यात मडकं पुरून भरत राहा. वरून सोयाबीनच्या भुसकटाचा जाड थर द्या. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेतून अनुदान मिळतं, पण ते तीन वर्षांत हप्त्याहप्त्यानं येतं आणि पुढचे हप्ते किती झाडं जगली त्यावर ठरतात. म्हणून नांग्या, म्हणजे मेलेल्या झाडांच्या रिकाम्या जागा, लगेच भरा.

छाटणी शिकून घ्या. बुंधा दोन फुटांपर्यंत एकच ठेवून वर तीन-चार फांद्या चौफेर सोडायच्या. फूल मुख्यतः नव्या फुटीबरोबर येतं, त्यामुळं पानगळीत हलकी छाटणी केली की बहार चांगला फुटतो.

आता फुलाचं सांगतो, कारण नवखे तिथंच गोंधळतात. झाड फुलांनी लगडतं आणि फळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी! सीताफळाच्या एकाच फुलात स्त्री आणि पुरुष दोन्ही भाग असतात, पण स्त्रीभाग आधी तयार होतो आणि पराग नंतर सुटतो. तोवर स्त्रीभाग सुकलेला असतो. मधमाशी इथं फारशी कामाची नाही. हे काम बारीक भुंगेरे करतात. त्यात हवा कोरडी आणि ऊन कडक असेल तर स्त्रीभाग आणखी लवकर वाळतो. म्हणून फुलोऱ्यात जमिनीत ओल हवी, एवढ्यासाठी शेततळ्यातलं पाणी राखून ठेवा.

हातानं परागीभवनही करता येतं. संध्याकाळी पूर्ण उमललेली फुलं कागदावर पसरून ठेवायची. सकाळी सुटलेला पराग मऊ कुंचल्यानं, पाकळ्या नुकत्या विलग होऊ लागलेल्या फुलांत आत फिरवायचा. ऊन चढायच्या आत उरकायचं. पराग सगळीकडं नीट पोचला तर फळ गोल भरतं, एका अंगाला कमी पडला तर तिथं वाकडं होतं. सगळ्या बागेला हे शक्य नाही, पण काही झाडांवर करून बघाच. फरक डोळ्यांना दिसतो.

फळाच्या खाचांत पांढरा पिठ्या ढेकूण बसतो आणि मुंग्या त्याला झाडभर फिरवतात. खोडाला चिकटपट्टी बांधा.

फळाचे डोळे, म्हणजे सालीवरचे उंचवटे, उघडून मधल्या खाचा पिवळसर दिसल्या की तोडा. तोडल्यावर तीन-चार दिवसांत फळ पिकतं, आणि फ्रिजच्या थंडीत ते नीट पिकत नाही, काळं पडतं. त्यामुळं आडत्याशी आणि गर काढणाऱ्या कारखान्याशी बोलणी तोडणीआधीच करून ठेवा. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे त्या भागाचं फळ म्हणून कायदेशीर ओळख, आहे. तुमचं रान त्या भागात येत असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करा. मगच कॅरेटवर ते नाव लावता येतं.