एनपीएसच्या पैशाचा माग: आरटीआय अर्जाआधीची तयारी

1 एप्रिल 2006 किंवा त्यानंतर कर्नाटक सरकारच्या नोकरीत लागलेल्या बहुतेकांच्या पगारातून एनपीएसची (राष्ट्रीय पेन्शन योजनेची) वर्गणी कापली जाते. मूळ पगार अधिक महागाई भत्ता यांच्या 10 टक्के तुमचे, 14 टक्के सरकारचे. दोन्ही मिळून 60,000 असतील तर महिन्याला 6,000 आणि 8,400, म्हणजे 14,400 रुपये. हा पैसा बिल काढणाऱ्या अधिकाऱ्याकडून (डीडीओ) ट्रेझरीत, तिथून ट्रस्टी बँकेत आणि पुढे पेन्शन फंडांत जातो. प्रत्येक टप्प्याचा कागद वेगळ्या कचेरीत असतो. आरटीआयचे (माहिती अधिकाराचे) अर्ज फसतात ते बहुतेक इथेच: खानापूरच्या शिक्षणाधिकाऱ्यांना शेअरबाजारातल्या गुंतवणुकीबद्दल विचारलं जातं आणि दिल्लीतल्या पेन्शन नियामकाला जून महिन्याची कपात का दिसत नाही म्हणून. म्हणून आधी घरी बसून दोन कागद शेजारी ठेवा.

पहिला कागद म्हणजे एचआरएमएस या सरकारी पगार-प्रणालीवरच्या पगारपत्रकांचा संच, दुसरा सीआरएकडून मिळणारं वर्षवार व्यवहार-विवरण. सीआरए म्हणजे नोंदी ठेवणारी संस्था, प्रोटिअन, जी आधी एनएसडीएल म्हणून ओळखली जायची. बारा आकडी प्रान (तुमचा एनपीएस खाते क्रमांक) आणि पासवर्ड टाकला की विवरण उतरवून घेता येतं, त्यासाठी आरटीआय लागत नाही. एका वहीत चार रकाने आखा: पगाराचा महिना, पगारपत्रकातली कपात, विवरणातली तुमची रक्कम, सरकारची रक्कम. शेजारी जमा-तारीख. मार्चचा पगार एप्रिलमध्ये निघतो, त्यामुळे आर्थिक वर्षाच्या कडेला एक महिना गहाळ झाल्यासारखा दिसतो. तो पुढच्या वर्षाच्या विवरणात सापडतो. महागाई भत्त्याच्या फरकाची कपात वेगळ्या ओळीत येते. बिनपगारी रजेच्या महिन्यात कपातच नसते. सुरुवातीच्या वर्षांतली कपात मागाहून भरली गेली असेल तर ती 'बॅकलॉग' म्हणून दिसते. खरे खड्डे पडतात ते बदलीच्या, प्रतिनियुक्तीच्या आणि डीडीओ बदलल्याच्या महिन्यांत, तेव्हा त्या महिन्यांना तांबड्या शाईने खूण करा. पगारपत्रकातली केजीआयडीची कपात विम्याची असते, ती या हिशेबात धरू नका.

उशिराचीही नोंद करा, कारण उशिराला किंमत आहे. 10,000 रुपये एनएव्ही (फंडाच्या एका युनिटचा भाव) 30 असताना पोचले तर 333.33 युनिट मिळतात, 31 झाल्यावर पोचले तर 322.58. पावणेअकरा युनिट गेले, आणि निवृत्तीपर्यंत त्यांच्यावर जे वाढलं असतं तेही गेलं. (एनएव्ही उतरली असेल तर उशीर फायद्याचाही ठरतो, पण त्या भरवशावर राहू नये.)

गुंतवणुकीबद्दलचं बरंच काही आधीच जाहीर असतं. ज्यांनी वेगळा पर्याय दिलेला नाही त्यांचा पैसा एसबीआय, एलआयसी आणि यूटीआय यांच्या तीन पेन्शन फंडांत विभागला जातो. विवरणात 'स्टेट गव्हर्नमेंट' नावाच्या तीन स्कीम दिसतात त्या याच. कोणत्या स्कीममध्ये कोणते रोखे, कोणते शेअर, किती टक्के, ही यादी हे फंड आपापल्या संकेतस्थळावर देतात. ती छापून घ्या. जे जाहीरच आहे ते विचारलं की 'संकेतस्थळ पाहावे' एवढंच उत्तर येतं आणि महिना वाया जातो. विचारण्याजोगं असतं ते यादीच्या पलीकडचं. 2018 मध्ये आयएलअँडएफएस या वित्तकंपनीने देणी थकवली तेव्हा तिचे रोखे पेन्शन फंडांकडेही होते. अशा बुडीत रोख्यांसाठी तुमच्या स्कीममध्ये किती तरतूद केली, किती वसूल झालं आणि त्यावर फंडाशी काय पत्रव्यवहार झाला, हे विचारा.

आता अर्ज कुणाकडे, ते ठरवा. कपातीचं शेड्यूल आणि बिल डीडीओकडे, शिक्षक असाल तर बहुधा क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत. बिल पास झाल्याचे कागद ट्रेझरीत. सीआरएकडे फाइल आणि पैसे पाठवल्याची नोंद बेंगळुरूला ट्रेझरी संचालनालयाच्या एनपीएस सेलकडे. फंडांच्या कारभाराबद्दल विचारायचं ते पीएफआरडीए (पेन्शन फंडांचा नियामक) किंवा एनपीएस ट्रस्टला, हे दोन्ही केंद्राच्या बाजूचे. पेन्शन फंड किंवा सीआरए 'आम्हाला आरटीआय लागू नाही' म्हणाले तरी वाट बंद होत नाही. नियामकाला कायद्याने जी माहिती मागवता येते ती माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2(फ) प्रमाणे त्याच्याकडून मागता येते. केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर राज्याच्या कचेरीचा अर्ज टाकू नका, तो परत येतो आणि फी बुडते. कर्नाटकाचं पोर्टल वेगळं आहे.

मसुदा तयार करताना कर्नाटकाच्या नियमांतली एक अट सतत डोळ्यांपुढे ठेवा: एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द. केंद्राकडे 500 शब्दांची मुभा आहे. 150 शब्दांत तीन-चार मुद्दे बसतात, त्यामुळे 'महोदय, आम्ही गरीब कर्मचारी' ही प्रस्तावना गाळा. कारणही लिहू नका, कलम 6(2) प्रमाणे ते द्यावं लागत नाही. 'माझे पैसे का जमा झाले नाहीत' ही तक्रार झाली, माहिती नव्हे. तिच्याऐवजी असं लिहा: 'जून 2021 ते ऑगस्ट 2021 या महिन्यांसाठी माझ्या प्रान क्रमांकाबाबत (1) कपातीच्या शेड्यूलची प्रत, (2) बिल क्रमांक आणि पास झाल्याची तारीख, (3) सीआरएकडे फाइल अपलोड केल्याची तारीख आणि ट्रान्झॅक्शन आयडी, (4) ट्रस्टी बँकेत रक्कम पाठवल्याची तारीख.' पहिले दोन मुद्दे तालुक्याकडे, पुढचे दोन एनपीएस सेलकडे, म्हणजे अर्ज दोन. महिने वहीत खूण केलेलेच घ्या. पंधरा वर्षांचं सगळं मागितलं तर 'कचेरीवर फार ताण पडेल' म्हणत कलम 7(9) दाखवून हात झटकले जातात. सहकाऱ्यांच्या खात्यांचं विचारू नका, ते वैयक्तिक माहिती म्हणून कलम 8(1)(जे) खाली अडतं. ज्याने त्याने आपापला अर्ज द्यावा. संघटनेच्या लेटरहेडवरही अर्ज नको, कारण हा हक्क नागरिकाला आहे. पत्ता घरचा द्या, शाळेचा नको. उत्तराचं पाकीट हेडमास्तरांच्या टेबलावरून यावं, असं फारसं कुणाला वाटत नाही.

भाषेचा प्रश्न आपल्या भागात टाळता येत नाही. कायदा इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा म्हणतो. राज्यातल्या कचेरीला कन्नड किंवा इंग्रजी, दिल्लीला इंग्रजी किंवा हिंदी. मराठीतला अर्ज पडून राहण्याची शक्यता मोठी. वाद घालायचाच तर तो वेगळ्या जागी घालावा, उत्तरासाठीची तीस दिवसांची मुदत त्यात घालवू नये. मसुदा मराठीत पक्का करा, मग टायपिंगवाल्याकडून कन्नडमध्ये करून घ्या आणि सही करण्याआधी महिने आणि प्रानचे आकडे एकेक करून ताडून पाहा.

नावाचंही तसंच. 'ज्ञानेश्वर' इंग्रजीत मराठी वळणाने डी-एन-वाय असा सुरू होतो, कन्नड वळणाने जे-एन असा. सेवापुस्तकात एक आणि प्रान कार्डावर दुसरं असेल तर नोंद सापडत नाही म्हणून उत्तर येऊ शकतं. अर्जात दोन्ही स्पेलिंगं आणि केजीआयडी क्रमांक द्या.

फी दोन्हीकडे 10 रुपये. पोस्टल ऑर्डर केंद्राकडे 'अकाउंट्स ऑफिसर'च्या नावे काढा. राज्याकडे कुणाच्या नावे काढायची ते त्या कचेरीत विचारून घ्या, किंवा हातोहात रोख भरून पावती घ्या. ऑर्डरची झेरॉक्स ठेवा आणि अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. प्रतींना पानामागे 2 रुपये पडतात. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रती फुकट, कलम 7(6).

उत्तर आल्याच्या किंवा मुदत संपल्याच्या तारखेपासून 30 दिवसांत पहिलं अपील, त्यावर निकाल 30, फार तर 45 दिवसांत. पुढे दुसऱ्या अपिलाला 90 दिवस. राज्याचं दुसरं अपील कर्नाटक माहिती आयोगाकडे, ज्याचं बेळगावातही पीठ आहे. पीएफआरडीएचं दिल्लीला केंद्रीय आयोगाकडे. नियामकाने फंडांबाबत 'विश्वासाच्या नात्यातली माहिती' म्हणून 8(1)(ई) पुढे केलं तर सर्वोच्च न्यायालयाचा 2015 चा रिझर्व्ह बँक विरुद्ध जयंतीलाल मिस्त्री हा निकाल जोडा. नियामकाचं असं नातं बँकांशी नसतं, असं त्यात म्हटलं आहे. सोबत पीएफआरडीए कायदा 2013 चं पहिलं पानही लावा, वर्गणीदारांच्या हिताचं रक्षण हा उद्देश तिथेच छापलेला आहे.