ज्युदोचा पहिला दिवस: आधी पडायला शिका

जिगोरो कानो यांनी 1882 साली सुरू केलेल्या ज्युदोत पहिला धडा पाडण्याचा नाही, पडण्याचा असतो. उकिडवे बसा, हनुवटी छातीला लावा, नजर पट्ट्याच्या गाठीवर ठेवा आणि पाठ गोल करून मागे लवंडा. पाठ मॅटला लागताच दोन्ही हात, शरीरापासून साधारण 45 अंशांवर, तळव्यांसकट सपकन आपटा, श्वास सोडा. हात मागे टेकवून सावरू नका! सगळा भार मनगटावर येतो, ते मुरगळतं नाहीतर मोडतं. असं वीसेक वेळा करा, घाई नको.

नखं कापलेली हवीत, अंगठी-कानातलं घरी. वर्गाआधी दोन तास वडापाव नकोच. मुंबईच्या पावसात लोकलमधून भिजून आलात, तर पाय खडखडीत पुसूनच मॅटवर चढा. ओल्या मॅटवर जोडीदारही घसरतो.