कुस्तीच्या कॅम्पला चाललाय? वही आणि खडू सोबत घ्या

पैलवान मित्रांनो, तीन-चार आठवड्यांच्या कॅम्पला जाणार असाल तर एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, कॅम्प चालू असताना ताकद वाढलेली दिसत नाही. सकाळी जोर-बैठका, रस्सी, संध्याकाळी मॅटवर लढती, असं आठवड्यातले सहा दिवस चाललं की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाय जड होतात, पटात, म्हणजे समोरच्याच्या पायांत, शिरायला उशीर होतो आणि पोरगं घाबरून अजून मेहनत वाढवतं. तिथंच घोळ होतो. अंग भरून निघतं ते झोपेत आणि विश्रांतीत.

म्हणून वही ठेवा. सकाळी जाग आली की अंथरुणातच मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा नि लिहा. रोज ५४ येतात आणि सलग दोन-तीन दिवस ६२-६४ यायला लागले, वर झोप लागेना, खुराक जाईना, तर सरळ वस्तादांना सांगा, त्या दिवशी लढती बंद, फक्त डावांची प्रॅक्टिस. दुसरं, खडू. बोटांना खडू लावून भिंतीशेजारी जागेवरून उडी मारा आणि वर खूण करा, आठवड्यातून दोनदा, वॉर्मअपनंतर. खूण चार-पाच सेंटीमीटर खाली आली आणि खालीच राहिली तर पाय थकलेत.

पहिल्याच दिवशी ईर्षेनं हजार बैठका मारू नका, सवय नसताना स्नायू फुटून किडनीवर येतं. लघवी कोलासारखी काळपट झाली तर वाट बघायची नाही, थेट दवाखाना.

वजनाचं कॅम्पच्या आधीपासून बघा. आठवड्याला अर्धा किलो, बास. प्रॅक्टिसच्या आधी-नंतर काट्यावर उभे राहा, किलोभर उतरलं तर ते पाणीच असतं, पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर प्या. विनेश फोगाटचं २०२४ ला पॅरिसमध्ये काय झालं आपण सगळ्यांनी बघितलंय, रात्रभर घाम गाळूनसुद्धा ५० किलोला १०० ग्रॅम जास्त भरले आणि फायनल गेली, अजून आठवलं की पोटात तुटतं.

आणि स्पर्धेआधीचे शेवटचे आठ-दहा दिवस. मी स्वतः एका कॅम्पात आदल्या दिवसापर्यंत फुल लढती केल्या आणि स्पर्धेत दुसऱ्या राऊंडला हातच उचलेनात. फ्रीस्टाईलला ३-३ मिनिटांचे दोन राऊंड, मध्ये फक्त ३० सेकंद, थकलेलं अंग तिथं लगेच उघडं पडतं. तेव्हा ४० मिनिटं लढती करत असाल तर २० वर या, पण त्या २० मिनिटांत वेग जराही कमी करू नका. भिंतीवर बघत राहा, खडूची खूण हळूहळू पहिल्या दिवसाच्या वर सरकायला लागेल.