एटीएम नेटवर्कवर मल्टिकास्टचा प्रोजेक्ट घेताय? मग हे वाचा

खानापूर, निपाणीकडची मराठी मीडियमची पोरं बेळगावात इंजिनिअरिंगला येतात आणि एटीएम (पैशाचं मशीन नव्हे, असिंक्रोनस ट्रान्सफर मोड, म्हणजे डेटा छोट्या ठराविक तुकड्यांत पाठवायची नेटवर्कची पद्धत) नाव ऐकलं की प्रोजेक्टचा टॉपिक बदलतात, आता ते कोण वापरतंय म्हणून. मी बेळगावातल्या उद्यमबागेत शिकताना हाच टॉपिक, एटीएमवर मल्टिकास्ट म्हणजे एकच डेटा एका ग्रुपमधल्या सगळ्यांना पाठवणं, घेतला आणि नेटवर्किंग मला खरं तिथं कळलं, पुढं एमपीएलएसमध्ये (पॅकेटला लेबल लावून पुढं पाठवायची पद्धत) प्रत्येक टप्प्यावर लेबल बदलत जाणं समजायला अजिबात त्रास झाला नाही.

आधी हिशोब हातानं करा. एटीएमचा तुकडा म्हणजे सेल, तो ५३ बाइटचा, त्यातले ५ हेडरचे, उरले ४८. १५०० बाइटचं पॅकेट, एएएल५ चा (पॅकेटचे सेल पाडणारा आणि परत जुळवणारा थर) ८ बाइटचा ट्रेलर धरून १५०८, म्हणजे ३२ सेल, वायरवर १६९६ बाइट.

आता मेन गोष्ट. एकाकडनं अनेकांना पाठवायचं तर काही अडचण नाही, स्विचच सेलच्या कॉप्या काढतो. पण दोघेजण एकाच व्हीसीवर (व्हर्च्युअल सर्किट, म्हणजे आधी जोडून ठेवलेला मार्ग) पाठवायला लागले की घोळ. लाल आणि निळा पेन घ्या, लाल म्हणजे एकाचे सेल, निळा म्हणजे दुसऱ्याचे, आणि वहीत काढा: लाल, लाल, निळा, लाल. एएएल५ मध्ये सेल कुणाचा हे लिहिलेलंच नसतं, फक्त शेवटच्या सेलवर खूण असते, म्हणून शेवटचा लाल आला की रिसीव्हर चारही सेलचं मिळून एक पॅकेट बांधतो, सीआरसी (चूक पकडायचा आकडा) चुकतो, लालही गेलं आणि निळ्याचं उरलेलंही गेलं. एएएल३/४ या दुसऱ्या थरात सेल कुठल्या पॅकेटचा हे ओळखायला १० बिटचा एमआयडी नंबर असतो पण मग सेलमध्ये डेटा ४४ बाइटच मावतो. हे चित्र डोक्यात बसल्याशिवाय सिम्युलेशनला हात लावू नका बघा.

मग १९९६ चा आरएफसी २०२२ (इंटरनेटच्या स्टँडर्डचा कागद) वाचा, त्यातला मार्स, म्हणजे ग्रुपमध्ये कोण कोण आहे याची नोंद ठेवणारा सर्व्हर. सेलची सरमिसळ टाळायचे मार्ग दोन. मेश म्हणजे प्रत्येक पाठवणाऱ्याचा स्वतःचा व्हीसी, दहाजण असले तर दहा, आणि नवीन मेंबर आला की दहाही जणांनी त्याला जोडून घ्यायचं. दुसरा, मधे डेटा वाटणारा सर्व्हर (हा मार्स नव्हे, वेगळा): सगळे त्याला देतात, तो पॅकेट पूर्ण जुळवून एकाच व्हीसीवरनं सगळ्यांना पाठवतो, व्हीसी कमी लागतात पण वेळ वाढतो आणि सगळा लोड त्याच्यावर. मेंबर सारखे येत-जात असतील तर मी सर्व्हरच घेईन, पाठवणारे मोजके आणि उशीर चालत नसेल तर मेश.

आणि सर्व्हर घेतला तर आपलंच पॅकेट फिरून आपल्याकडं येतं, तेही दाखवा. मार्समध्ये प्रत्येक मेंबरला आयडी मिळते, ती पॅकेटसोबत जाते, स्वतःची दिसली की टाकून द्यायचं.