ॲम्पवाल्या गाडीत नवा स्टिरिओ बसवताय? या चुका टाळा

गाडीत बोस, जेबीएल किंवा हरमनचा बिल्ला दिसला की बहुधा सीटखाली नाहीतर डिकीत एक वेगळा ॲम्प्लिफायर दडलेला असतो. डॅशमधला सेट त्याला नुसता सिग्नल देतो, स्पीकर हलवतो तो ॲम्प. एवढं माहीत नसताना लोक युट्यूब बघून डॅश उचकटतात आणि रविवारी जेवणाच्या वेळी मला फोन करतात.

निम्म्या फोनांचं मूळ एकच: निळी-पांढरी वायर मोकळी सोडलेली. नवा सेट चालू झाला की या वायरवर १२ व्होल्ट येतात आणि त्यावर ॲम्प जागा होतो. ती जोडली नाही तर स्क्रीन झगमगते, गाणं पुढे सरकतं, आवाज शून्य.

कोथरूडला आमच्या शेजारच्या काकांनी नाना पेठेतून सेट आणला. आवाज येईना, तर बसवणारा पोरगा म्हणाला, "काका, ॲम्प उडालाय," आणि त्याने ॲम्प बाजूला काढून स्पीकर थेट सेटला जोडले. आवाज आला, काका खूश. साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर आवाज फाटायला लागला, मग सेटच बंद. थंड झाला की चालू, आवाज वाढवला की पुन्हा बंद. होणारच! ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध; त्यांचे स्पीकर २ ओहमचे, सेट ४ ओहमसाठी बनवलेला. दुप्पट करंट ओढला जातो, सेट तापतो.

मी पार्किंगमध्ये डॅश उघडला, तर निळी-पांढरी वायर टेप गुंडाळून, छान घडी घालून मागे खोचलेली! सगळं पूर्ववत केलं आणि ॲम्पच्या सॉकेटवर मीटर लावला. कायमचा सप्लाय होता, रिमोटच्या पिनवर, म्हणजे निळी-पांढरी वायर जिथे येते तिथे, काहीच नाही. वायर जोडली, डिकीतून धप्प आवाज आला आणि बेस सुरू. काका नव्या ॲम्पचं कोटेशन घेऊन बसले होते.

काही नव्या गाड्यांत मात्र ॲम्प वायरने नाही, कॅन बसच्या, म्हणजे गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी बोलतात त्या डेटा लाइनच्या, मेसेजने जागा होतो. तिथे गाडीला जुळणारा कॅनबस बॉक्स हवा, आणि अँड्रॉइड सेटच्या फॅक्टरी सेटिंगमध्ये ॲम्पवालं मॉडेल निवडलेलं हवं.

दुसरा माझा राग कंपनीचं सॉकेट कापणाऱ्यांवर. काही शे रुपयांचा कपलर (कंपनीच्या सॉकेटमध्ये बसणारा जोड-प्लग) वाचवायला हजारोंची वायरिंग कापतात, आणि वर वॉरंटीचं काय म्हणून विचारतात. मी सगळे जोड घरी टेबलावर, सोल्डर आणि हीट श्रिंकने (गरम केल्यावर आवळून बसणाऱ्या नळीने) करतो. गाडीत फक्त सॉकेट खटकन बसवायचं. पीळ देऊन काळी टेप मारणाऱ्यांनी मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅश उघडून बघावा. गोंद पाघळलेला, तांबं उघडं.

बाकीचं थोडक्यात. लाल (चावीबरोबर येणारा सप्लाय) आणि पिवळी (कायमचा सप्लाय) उलटी जोडली तर सेटिंग रोज पुसतं. स्पीकरची मायनस बॉडीला अर्थ करू नका, सेटमधली स्पीकर चालवणारी चिप (आउटपुट आयसी) जाते. रेसबरोबर कुईं वाढत असेल तर आधी अर्थ तपासा, फिल्टर नंतर. सतत हिस येत असेल तर सेटच्या आउटपुटची आणि ॲम्पच्या इनपुटची लेव्हल जुळत नाहीये. बॅटरीची मायनस काढल्याशिवाय हात घालायचा नाही, घाई असली तरी.

आणि काही जर्मन गाड्यांत सेटमागे ऑडिओसाठी ऑप्टिकल फायबर येते. तिथे साधा कपलर चालत नाही, मोस्टचा (त्या फायबरवरच्या ऑडिओ नेटवर्कचा) इंटरफेस लागतो. तो हातात येईपर्यंत कंपनीचा सेट जागचा हलवू नका.